विश्लेषण : जळालेल्या दप्तरखान्यानंतर आयर्लंड आपला इतिहास पुन्हा कसा जमवतो आहे?

डब्लिनमधील सरकारी दप्तरखाना १९२२ मध्ये जळाला आणि आयर्लंडच्या सुमारे सातशे वर्षांच्या नोंदींची राख झाली. आपले पणजोबा कुठे राहत होते, कोणती जमीन कसत होते, हे शोधणाऱ्या लाखो कुटुंबांची वाट तिथेच अडते. जमीनदारांच्या खंडवह्या, जुने नकाशे आणि शाळकरी मुलांच्या वह्या यांतून हा देश आता ती वाट नव्याने शोधतो आहे.

नेमके काय जळाले?

आयर्लंडमध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले, तेव्हा डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयाच्या संकुलात सशस्त्र बंडखोर ठाण मांडून होते. ३० जून १९२२ रोजी तिथे प्रचंड स्फोट झाला आणि संकुलातील ‘पब्लिक रेकॉर्ड ऑफिस’ आगीत सापडले. अर्धवट जळालेले कागद वाऱ्याबरोबर शहरभर उडाले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांच्या बहुतांश नोंदी या आगीत गेल्या. १८६१ ते १८९१ या काळातील चार जनगणनांचे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते. त्यामुळे संपूर्ण देशाची हाती असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ची आहे.

मग जमीनदारांचे कागद इतके मोलाचे का?

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडची बहुतेक शेती मोठ्या जमीनदारांच्या मालकीची होती आणि ती कुळे कसत. कोणत्या कुळाकडे किती जमीन, किती खंड, किती थकबाकी हे सारे जमीनदाराचा कारभारी लिहून ठेवत असे. त्या जोडीला भाडेपट्टे, नकाशे, पत्रव्यवहार आणि कुळांचे विनंती अर्जही असत. म्हणजे ज्या गरीब माणसाच्या नावावर एक गुंठाही नव्हता, त्याचे नाव आज त्याच्याकडून खंड वसूल करणाऱ्याच्या वहीत सापडते.

अशा कागदांवरही संकटे आलीच. १९२० ते १९२३ या काळात जमीनदारांचे अडीचशेहून अधिक वाडे जाळले गेले. उरलेल्यांपैकी काही विकले गेले, काही ओस पडले. त्यांच्यासोबत दप्तरेही गेली.

स्ट्रोक्सटाउनच्या वाड्यात काय सापडले?

रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाउन पार्क ही इस्टेट १९७९ मध्ये स्थानिक व्यावसायिक जिम कॅलरी यांनी विकत घेतली. वाड्यातील जुने कागद चाळताना त्यांच्या हाती दुष्काळाच्या काळातील कुळांचा अर्ज लागला. बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे १८४५ पासून पडलेल्या त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. स्ट्रोक्सटाउनचे जमीनदार मेजर डेनिस मेहन यांनी १८४७ मध्ये १,४९० कुळांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना कॅनडाला धाडले. त्यांतील अनेक जण वाटेतच दगावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेहन यांची हत्या झाली.

कॅलरी यांनी कागद जपले आणि १९९४ मध्ये तिथेच दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले. पन्नास हजारांहून अधिक दस्तऐवजांचा हा संग्रह संशोधकांसाठीही खुला झाला.

गावाचा आणि शिवाराचा पत्ता कसा लागतो?

आयर्लंडमध्ये जमिनीचा सर्वांत लहान घटक म्हणजे ‘टाउनलँड’. आपल्याकडच्या वाडीच्या शिवारासारखा. असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. १८२४ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ने त्यांचे तपशीलवार नकाशे केले. जॉन ओ’डोनोव्हन यांनी गावोगाव फिरून स्थलनामांची मूळ आयरिश रूपे टिपली. पुढे १८४७ ते १८६४ दरम्यान रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली करआकारणीसाठी प्रत्येक जमीन-घराचे मूल्यांकन झाले. मालक कोण आणि ताबा कोणाचा, हे त्यात नोंदले आहे. हरवलेल्या जनगणनेची उणीव आज प्रामुख्याने हीच यादी भरून काढते.

शाळकरी मुलांचा वाटा कोणता?

१९३७ ते १९३९ या काळात ‘आयरिश लोकसाहित्य आयोगा’ने स्वतंत्र आयर्लंडमधील सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांना एक काम दिले. घरातील आणि गावातील वडीलधाऱ्यांना विचारायचे आणि ऐकलेले वहीत उतरवायचे. घरगुती औषधे, विहिरी, जत्रा, दुष्काळाच्या आठवणी, जमीनदारांचे किस्से असे बरेच काही त्यात आले. ही सुमारे ७ लाख ४० हजार पाने आता ‘दूखस’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यातील हस्तलिखित मजकूर स्वयंसेवक टंकलिखित करतात. या उपक्रमाचे नाव ‘मेहल’, म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून एकमेकांच्या शेतातले काम उरकण्याची रीत. मराठी शेतकरी तिला सावड किंवा इर्जिक म्हणेल.

जळालेले परत मिळू शकते का?

मूळ कागद नाही, पण त्यातील मजकूर काही प्रमाणात मिळतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जून २०२२ मध्ये, आगीच्या शताब्दीला, जुन्या दप्तरखान्याचे डिजिटल रूप खुले झाले. दप्तरखान्यातील अधिकारी हर्बर्ट वुड यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेली सूची येथे कामी आली. कोणत्या कपाटात काय होते, ते तिच्यावरून कळले. मग त्या कागदांच्या नकला, उतारे आणि टिपणे जगभरातील ग्रंथालयांत शोधण्यात आली. आगीतून वाचवलेली आणि अनेक दशके न उघडलेली गाठोडीही सोडवण्यात आली.

अडचण कुठे आहे?

१८८१ मध्ये स्थापन झालेल्या ‘लँड कमिशन’मार्फत कुळे जमिनीची मालक झाली. त्या व्यवहारांचे नकाशे, खरेदीपत्रे आणि जमीनदारांची कागदपत्रे प्रचंड संख्येने आयोगाकडे जमा झाली. १९९९ मध्ये आयोग बंद झाला, तरी हे दप्तर वर्षानुवर्षे सर्वसामान्य अभ्यासकांसाठी जवळपास बंदच राहिले. शिवाय कितीतरी कागद अजून खासगी घरांत, माळ्यावरच्या पेट्यांत आहेत. ओल, उंदीर आणि घर आवरण्याची घाई यांपुढे त्यांचे काही चालत नाही. सरकारी दप्तरखाना जळाला, त्याची तारीख तरी इतिहासात नोंदली गेली. माळ्यावरची पेटी रद्दीत गेली, तर तेवढेही उरत नाही.