बालवाडीचे दार कोणासाठी बंद?

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात आणि गावोगावच्या बालवाड्यांसमोर दरवर्षी तेच दृश्य दिसू लागते. नवा रेनकोट, पाठीला न पेलणारे दप्तर आणि गळ्यात पाण्याची बाटली अशा थाटात घरून निघालेले तीन वर्षांचे मूल फाटकाशी येताच आईची ओढणी घट्ट धरते. बाई त्याला उचलून आत नेतात, मावशी फाटक लावते. आत आक्रोश सुरू असतो आणि बाहेर आईचे डोळे पाणावलेले असतात. तिला कचेरीची वेळ गाठायची असते. ‘दोन दिवस रडेल, मग आपोआप रुळेल’ हा दिलासा पदरात घेऊन ती स्टेशनची वाट धरते. बहुतेक मुले पुढे रुळतातही. म्हणूनच या रडण्याचा वेगळा विचार करावा असे कोणाला वाटत नाही.

परंतु हे रडणे म्हणजे हट्ट नव्हे, लाडावलेपण तर नव्हेच. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून मूल आपले माणूस आणि परके माणूस यांतला भेद स्पष्टपणे करू लागते. आपले माणूस नजरेआड झाले की ते कासावीस होते. ही ताटातुटीची भीती दुसऱ्या वर्षात तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास हळूहळू ओसरू लागते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ ते १९८० या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या तीन खंडांच्या ग्रंथात या भीतीची मीमांसा केली. भूक जितकी स्वाभाविक तितकीच जवळच्या माणसाची ओढही स्वाभाविक, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. फाटकाशी रडणारे मूल बिघडलेले नसते. त्याचे कोणाशी तरी घट्ट नाते जुळले आहे, एवढेच ते रडणे सांगत असते.

यात भर पडते ती काळाच्या अज्ञानाची. ‘साडेबाराला येते’ हे वाक्य मोठ्यांसाठी आश्वासन असते. घड्याळ न कळणाऱ्या मुलासाठी तो निव्वळ आवाज असतो. ‘डबा खाल्लास, गाणी म्हटलीस, की मी दारात’ असे सांगितले तर मात्र त्याला काही धरायला मिळते. घटनांची साखळी त्याला समजते, तासांची समजत नाही.

वडीलधारी माणसे या प्रसंगी जे उपाय योजतात, त्यांतले निम्मे या भीतीला खतपाणी घालणारे असतात. मूल खेळण्यात गुंतले की आईने मागच्या दाराने निसटावे, ही सर्वमान्य युक्ती आहे. त्या दिवसापुरते रडणे टळते. पण नजर हलली की आई नाहीशी होते, हा धडा मूल शिकते आणि दुसऱ्या दिवसापासून घरातही तिला क्षणभर सोडत नाही. ‘रडलास तर आई येणारच नाही’ ही धमकी तर ज्या एका गोष्टीचे भय आहे तिच्यावरच बोट ठेवते. ‘तो बघ, तो कसा शहाण्यासारखा बसलाय’ या तुलनेने भीती जात नाही, तिच्यात लाजेची भर पडते. सांगून, निरोप घेऊन जावे आणि सांगितल्या वेळी परत यावे, हा साधा मार्ग सुरुवातीला अधिक रडवतो; परंतु विश्वास त्यानेच बसतो.

रडणे थांबले म्हणजे सारे ठीक झाले, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये एक माहितीपट तयार केला. दोन वर्षे पाच महिन्यांची लॉरा नावाची मुलगी आठ दिवस रुग्णालयात आईवडिलांवाचून कशी राहते, याचे ते चित्रण होते. ती फारशी आरडाओरड करीत नव्हती, आणि परिचारिकांच्या दृष्टीने तेच ‘शहाणे’ वर्तन होते. कॅमेऱ्याने मात्र तिच्या गप्पपणाखालचे दुःख टिपले. त्या काळी आईवडिलांमुळे मुले अधिक रडतात, म्हणून ब्रिटनमधील रुग्णालये त्यांच्या भेटीवर कडक निर्बंध घालीत. डॉक्टरांच्या एका वर्गाने या चित्रपटाविरुद्ध गदारोळ केला. तरीही १९५९ मध्ये एका सरकारी समितीने मुलांच्या वॉर्डांचे दार आईवडिलांसाठी खुले ठेवण्याची शिफारस केली.

बालवाडीचे तीन तास म्हणजे रुग्णालयातले आठ दिवस नव्हेत, हे खरे. रोज दुपारी परत येणारी आई आणि मायेने वागणारी बाई असेल तर काही दिवसांच्या रडण्याने मुलाची हानी होत नाही. तरीही कोपऱ्यात दप्तर पोटाशी धरून बसलेले आणि डब्याला हात न लावणारे मुकाट मूल ‘रुळले’ असे मानणे घाईचे ठरेल. रडणारे मूल निदान आपले दुःख सांगत तरी असते.

मुलाला शाळेच्या सवयीचे करण्याऐवजी शाळाच मुलाच्या ओळखीची करावी, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. भाऊबहिणी, शेजारपाजार, ओळखीचे झाड हे सारे जागेवर ठेवून शिक्षण सुरू झाले. अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडला हे काम वाढवले. आज देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा इतिहास आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने हे नाव घरोघरी पोहोचवले. शहरांतील बालवाड्यांनी मात्र अंगण सोडले आणि फाटक तेवढे उचलले.

जर्मनीत ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी एक रीत अनेक पाळणाघरांत पाळली जाते. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत वर्गातच बसतात आणि त्या काळात त्यांना दूर करण्याचा प्रयत्नही होत नाही. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जातात. मूल बाईंकडून समजूत घालून घेते की नाही, हे पाहून पुढचा कालावधी ठरतो. रडणे बंद झाले का, यापेक्षा मुलाला वर्गात दुसरे विश्वासाचे माणूस मिळाले का, हा येथे खरा प्रश्न असतो.

यावरचे आक्षेप उघड आहेत. चाळीस मुलांमागे एक बाई असेल, तर चाळीस आयांना बसवायचे कोठे? प्रश्न रास्त आहे; पण सगळी मुले एकाच सोमवारी बोलवावीत असा नियम कोठे आहे? पाच-सहा मुलांचे गट करून दोन आठवड्यांत वर्ग भरवता येईल. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग पूर्ण वेळ, अशी चढती पायरी ठेवता येईल. आजीच्या लुगड्याच्या गोधडीचा एखादा तुकडा दप्तरात राहू द्यायला तर पैसाही लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. नोकरी करणाऱ्या आईने आठवडाभर रजा आणावी कोठून? २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची प्रसूती रजा दिली. पण मूल बालवाडीत जाते तेव्हा ती कधीच संपलेली असते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजेची सोय आहे. दुकानात, कारखान्यात किंवा चार घरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला अर्ध्या दिवसाच्या खाड्याचाही हिशेब द्यावा लागतो. शिवाय हा भार एकट्या आईनेच का उचलावा? मुलाला हवे असते ते ओळखीचे, आपले माणूस. ते बाप असू शकते, आजोबा असू शकतात. प्रवेशाच्या देणगीसाठी महिनोन्महिने तजवीज करणाऱ्या कुटुंबाने या तीन-चार सकाळींची तजवीज करणे अशक्य नाही. मालकाने ती सवलत नाकारू नये, एवढीच अपेक्षा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन वर्षांवरील मुलांचे शिक्षण शालेय रचनेत आणले. येत्या काळात अधिकाधिक मुले या दारातून आत जातील. अक्षरे, आकडे आणि रंग यांचे अभ्यासक्रम तयार होतील. परंतु प्रत्येक मूल त्याआधी एक धडा घेऊनच आत जाणार आहे. गेलेले माणूस परत येते आणि परक्या जागेतही कोणी आपले होऊ शकते, हा तो धडा होय. तो नीट शिकवायचा तर पहिले काही दिवस फाटक थोडे उघडे ठेवावे लागेल.