शिवसेना : स्थानिक निवडणुकांतील प्रारंभकाळ

महाराष्ट्रातील एका प्रादेशिक संघटनेचा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांतील प्रवेश आणि त्यातून तिचे राजकीय पक्षात झालेले रूपांतर. शिवसेनेची स्थापना व्यंगचित्रकार बाळ ठाकरे (१९२६–२०१२) यांनी १९ जून १९६६ रोजी मुंबईत केली. तत्पूर्वी सहा वर्षे ते मार्मिक हे व्यंगचित्र-साप्ताहिक चालवीत होते आणि त्यातून मुंबईतील कार्यालये व उद्योगसंस्था यांमधील अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या प्रसिद्ध होत असत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने १९६० मध्ये मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य मिळवून दिले होते. परंतु १९६१ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या लोकसंख्येत मराठी भाषकांचे प्रमाण सु. ४३ टक्केच होते. व्यापार व भांडवल प्रायः गुजराती व अन्य समाजांकडे होते आणि लेखनिकांच्या व मध्यम दर्जाच्या नोकऱ्यांत दाक्षिणात्यांची संख्या लक्षणीय होती. राज्य आपले झाले, पण राजधानीत आपले स्थान काय, या शिकलेल्या मराठी तरुणाच्या प्रश्नावर संघटनेची उभारणी झाली.

आपण राजकारणात पडणार नाही, अशी संघटनेची आरंभीची भाषा होती. राजकारणाची तुलना ठाकरे यांनी गजकर्णाशी केली होती आणि पुढे ‘ऐंशी टक्के समाजकारण व वीस टक्के राजकारण’ हे सूत्र रूढ झाले. तथापि या भूमिकेचा अर्थ निवडणुकांपासून अलिप्तता असा कधीच नव्हता. स्वतः उमेदवार उभे न करता कोणाला पाडावयाचे व कोणाला निवडून आणावयाचे, हे ठरविण्याची ताकद दाखविणे, हा तिचा पहिला मार्ग होता. स्थापनेनंतर आठ महिन्यांतच, फेब्रुवारी १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, त्याचा प्रत्यय आला. ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघात काँग्रेसने उमेदवारी नाकारल्यामुळे माजी संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन अपक्ष म्हणून उभे होते. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसचे स. गो. बर्वे यांना शिवसेनेने पाठिंबा दिला. मेनन हे मल्याळी आणि डाव्या विचारांचे, तर बर्वे हे मराठी व कर्तबगार प्रशासक म्हणून ख्यातकीर्त. त्यामुळे संघटनेचे दोन्ही विरोध, दाक्षिणात्यांचा व कम्युनिस्टांचा, एकाच लढतीत एकवटले. बर्वे सु. १३,००० मतांनी विजयी झाले. निकालानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाल्याने एप्रिलमध्ये पोटनिवडणूक झाली आणि तीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांचा पुन्हा पराभव केला. या विजयांत काँग्रेसची स्वतःची शक्ती किती व शिवसेनेची किती, हे वेगळे काढता येत नाही; पण शिवसेनेने त्यांचे श्रेय घेतले आणि लोकांनी ते बऱ्याच अंशी मान्यही केले.

उसना पाठिंबा देण्याकडून स्वतःचे उमेदवार उभे करण्याकडे हे वळण ठाणे नगरपालिकेच्या १९६७ मधील निवडणुकीत मिळाले. नगरपालिकेच्या ४० जागांपैकी १७ जागा संघटनेला मिळाल्या व वसंतराव मराठे हे नगराध्यक्ष झाले. ठाणे हे मुंबईलगतचे, झपाट्याने औद्योगिक होत चाललेले, पण मराठी वस्ती बहुसंख्य असलेले शहर. मुंबईसारखा तेथे अनेक भाषिक समाजांचा समतोल नव्हता आणि जुन्या पक्षांची वॉर्डांतील मुळेही फारशी खोल नव्हती. सव्वा वर्षाच्या संघटनेला पैसा व अनुभव नसतानाही असे यश मिळाले, याचे एक कारण मतदारसंघाच्या आकारात आहे. लोकसभेच्या मतदारसंघात लाखो मतदार असतात. तेथे प्रचारयंत्रणा व द्रव्यबळ लागते. नगरपालिकेच्या प्रभागात काही हजार मतदार असतात आणि पंचवीस-तीस उत्साही तरुण घरोघर फिरून तेथे यंत्रणेची उणीव भरून काढू शकतात. संघटनेकडे असे तरुण मुबलक होते.

मार्च १९६८ मधील मुंबई महानगरपालिकेची निवडणूक ही या काळातील सर्वांत महत्त्वाची. शिवसेनेने ती प्रजा समाजवादी पक्षाशी युती करून लढविली. एक पक्ष लोकशाही समाजवादाचा व कामगार चळवळीचा वारसा सांगणारा, तर दुसरी संघटना भाषिक अस्मितेवर उभी. ही जोडी अनेकांना विसंगत वाटली. तथापि दोघांचाही कम्युनिस्टांना विरोध होता, मध्यमवर्गीय मराठी वस्त्यांत दोघांचेही हितसंबंध होते आणि समाजवाद्यांना कार्यकर्त्यांची, तर शिवसेनेला प्रतिष्ठेची गरज होती. महापालिकेच्या १४० जागांपैकी ४२ शिवसेनेस मिळाल्या. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष राहिला. परंतु तिला स्पष्ट बहुमत लाभले नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लढ्यातून पुढे आलेल्या डाव्या पक्षांची मात्र मोठी पीछेहाट झाली. गिरगाव, दादर, परळ, लालबाग अशा मराठी वस्तीच्या भागांत शिवसेनेचे बळ विशेष दिसून आले. मनोहर जोशी, सुधीर जोशी, प्रमोद नवलकर यांच्यासारखी पुढे राज्यात नावारूपास आलेली मंडळी याच सुमारास सभागृहात आली. ही युती अल्पजीवी ठरली.

या यशाचा पाया शाखा हा होता. शाखेचे कार्यक्षेत्र साधारणतः महापालिकेच्या प्रभागाशी जुळणारे असे आणि तिच्यावर शाखाप्रमुखाची नेमणूक वरून होई. संघटनेत अंतर्गत निवडणुका नव्हत्या. चाळीच्या तळमजल्यावरची वा रस्त्याच्या कडेची एक खोली, बाहेर रोजचा मजकूर लिहिण्याचा फळा आणि संध्याकाळी जमणारे तरुण, असे तिचे रूप होते. नळाला पाणी येत नाही, शौचकूप तुंबले आहे, शिधापत्रिका मिळत नाही, रुग्णालयात खाट हवी, मुलाला शाळेत प्रवेश हवा, भाडेकरू व घरमालक यांत तंटा आहे, अशी गाऱ्हाणी घेऊन लोक तेथे येत. शाखाप्रमुख नगरसेवकाकडे किंवा थेट विभाग कार्यालयात जाई. गणेशोत्सव, रक्तदान, वह्यावाटप हे उपक्रमही शाखेमार्फत होत. नगरसेवक निवडून आला की शाखेच्या शब्दाला कचेरीत वजन येई, आणि शाखेने कामे केली की नगरसेवकाला पुढच्या वेळी मते मिळत. समाजकारण व राजकारण यांच्या टक्केवारीचा हिशेब प्रत्यक्षात असा एकमेकांत मिसळलेला होता.

याच शाखांची दुसरी बाजू दहशतीची होती आणि तिचा उल्लेख टाळून या काळाचे वर्णन पुरे होत नाही. दाक्षिणात्यांच्या उपाहारगृहांवर व दुकानांवर हल्ले झाले. डिसेंबर १९६७ मध्ये परळ येथील दळवी बिल्डिंगमधील कम्युनिस्टांच्या कार्यालयाची मोडतोड करण्यात आली. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरील आंदोलनास मुंबईत हिंसक वळण लागून अनेक माणसे मृत्युमुखी पडली. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची ५ जून १९७० रोजी हत्या झाली व या प्रकरणी काही शिवसैनिकांना शिक्षा झाल्या. देसाई यांच्या रिक्त जागेसाठी ऑक्टोबर १९७० मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक यांनी देसाई यांच्या पत्नी सरोजिनी यांचा १,६७९ मतांनी पराभव केला व शिवसेनेचा पहिला प्रतिनिधी विधानसभेत गेला. गिरणगावातील कम्युनिस्टांचा बालेकिल्ला ढासळल्याची ती खूण मानली गेली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने कामगार संघटनांवरील डाव्यांचे वर्चस्व मोडण्यासाठी शिवसेनेकडे काणाडोळा केला, असा आरोप विरोधक करीत आणि त्यामुळे तिला उपहासाने ‘वसंतसेना’ असेही म्हणत.

महापालिकेत संख्या मिळाली तरी मूळ मागणी तेथून पुरी होण्यासारखी नव्हती, हा या सर्व वाटचालीतील मोठा पेच होय. मुंबई महानगरपालिकेचा कारभार १८८८ च्या अधिनियमानुसार चालतो. कार्यकारी सत्ता राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे, आर्थिक मंजुरी स्थायी समितीकडे आणि दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या महापौराकडे मुख्यतः सभाध्यक्षाचे व समारंभाचे काम, अशी त्याकाळची विभागणी होती. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते, प्राथमिक शाळा, रुग्णालये, बससेवा ही तिची क्षेत्रे. पालिकेची स्वतःची नोकरभरती वगळता खासगी कंपन्या, बँका, रेल्वे वा केंद्रीय कार्यालये यांतील नोकऱ्यांशी तिचा काही संबंध नव्हता. ज्या गाऱ्हाण्यासाठी मते मागितली, त्याचे निवारण मतदारांनी दिलेल्या पदांतून होत नव्हते. म्हणून नोकऱ्यांच्या मागणीसाठी संघटनेला सभागृहाबाहेरची साधने वापरावी लागली : मोर्चे, व्यवस्थापनांवर दबाव, १९६८ मध्ये स्थापन झालेली भारतीय कामगार सेना आणि सत्तरीच्या दशकातील स्थानीय लोकाधिकार समिती. राज्य शासनानेही उद्योगसंस्थांनी स्थानिकांना प्राधान्य द्यावे, असे धोरण जाहीर केले. याउलट पाण्याचा नळ व शाळेतील प्रवेश यांबाबत नगरसेवक थेट उपयोगी पडत असल्याने, मतदारांशी नाते टिकले ते प्रायः या लहान कामांच्या बळावर.

स्वतःच्या बहुमताअभावी पालिकेत अन्य गटांशी समझोते करणे भाग होते व त्यांत तत्त्वांचा आग्रह फारसा धरला गेला नाही. १९७१ मध्ये हेमचंद्र गुप्ते हे शिवसेनेचे पहिले महापौर झाले. १९७३ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या एका गटाशी युती झाली. संघटनेला ३९ जागा मिळाल्या आणि सुधीर जोशी महापौर झाले, तेव्हा मुस्लिम लीगच्या नगरसेवकांचाही त्यांना पाठिंबा होता. इतरांना दिलेला पाठिंबाही असाच प्रसंगानुरूप होता. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत वायव्य मुंबईतून अपक्ष उभे राहिलेले माजी सरसेनापती के. एम. करिअप्पा यांना शिवसेनेने पाठिंबा दिला. ते कूर्गचे, म्हणजे दाक्षिणात्यच होते, ही बाब त्यावेळी अनेकांच्या नजरेतून सुटली नाही. ते पराभूत झाले. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक यांच्यामागे संघटना उभी राहिली, तरी कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. प्रभागातील स्वतःची मते दुसऱ्याच्या उमेदवारास मोठ्या मतदारसंघात सुपूर्द करता येतात, हा १९६७ मधील समज यामुळे बराच दुबळा झाला.

आणीबाणीला (१९७५–७७) दिलेल्या पाठिंब्याची किंमत १९७८ मध्ये मोजावी लागली. माजी महापौर गुप्ते यांनी या भूमिकेच्या निषेधार्थ संघटना सोडली होती. जनता पक्षाच्या लाटेत महापालिकेतील शिवसेनेच्या जागा २१ वर आल्या आणि त्याच वर्षी विधानसभेतही तिला एकही जागा मिळाली नाही. शाखा मात्र बंद पडल्या नाहीत. १९८० ची विधानसभा निवडणूक न लढविता काँग्रेसला साहाय्य करण्यात आले. १९८५ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याच्या हालचाली चालू आहेत, अशी शंका वसंतदादा पाटील यांच्या एका वक्तव्यावरून बळावली आणि तिचा लाभ शिवसेनेला मिळाला. तोपर्यंत सदस्यसंख्या १७० झालेल्या महापालिकेत तिने ७४ जागा जिंकल्या आणि छगन भुजबळ महापौर झाले. महापालिकेत ती प्रथमच सर्वांत मोठा पक्ष झाली होती. ग्रामीण महाराष्ट्रात तिचा विस्तार या निवडणुकीनंतर वेगाने झाला आणि १९९५ मध्ये, १९६८ च्या सभागृहातून आलेले मनोहर जोशी भारतीय जनता पक्षाशी युती करून राज्याचे मुख्यमंत्री झाले.