ऑर्डर हातात, पैसा बाजारात: छोट्या कंपनीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

छोटी कंपनी बंद पडली की लोक म्हणतात, काम मिळालं नसेल. भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत फिरलं तर चार-दोन शेडना कुलूप दिसतं. पण त्यातल्या काही शेडमध्ये शेवटच्या महिन्यापर्यंत भरपूर काम होतं. पीओ, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरी, हातात होत्या, मशीनं दोन पाळ्यांत चालत होती आणि पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नव्हते. मोठी कंपनी असा महिना कर्जावर किंवा पुरवठादारांच्या उधारीवर काढून नेते. लहान कंपनीला ते जमत नाही. म्हणून तिचं धोरण चार साध्या प्रश्नांतच असतं: कोणतं काम घ्यायचं, कोणाचं, कोणत्या भावाने आणि किती दिवसांच्या उधारीवर. या प्रश्नांभोवतीच्या काही समजुती इतक्या घट्ट आहेत की वीस-वीस वर्षं धंदा केलेले मालकही त्यांच्या भरवशावर निर्णय घेतात. बोलणं मोघम राहू नये म्हणून सुटे भाग बनवणारं सीएनसी मशीनिंगचं एक युनिट डोळ्यांसमोर ठेवू.

गैरसमज: ऑर्डर दुप्पट झाली की कंपनी सावरते

वस्तुस्थिती अशी की ऑर्डर वाढली की आधी पैसा जातो. समजा, युनिटची बिलं महिन्याला 20 लाखांची आहेत. मटेरियल 11 लाखांचं. पगार, वीज, टूल्स, भाडं मिळून 7 लाख. उरले 2 लाख, म्हणजे 10 टक्के. कागदावर उत्तम. पण स्टीलवाला रोख मागतो, पगार सात तारखेला द्यावाच लागतो आणि ग्राहक पैसे देतो 90 दिवसांनी. तीन महिन्यांत 54 लाख बाहेर गेले. शिवाय 18 टक्के जीएसटी. ग्राहकाने पैसे दिलेत की नाही हे जीएसटी विचारत नाही. बिल निघालं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत कर भरायचा. मटेरियल घेताना मोजलेला आणि सरकारला थेट भरलेला असा मिळून महिन्याला 3 लाख 60 हजार, तीन महिन्यांचे 10 लाख 80 हजार. म्हणजे गाडं फिरतं ठेवायला जवळपास 65 लाख अडकलेले.

आता ग्राहक खूश होऊन ऑर्डर दुप्पट करतो. आणखी 65 लाख लागतील. दरमहा 2 लाखांच्या नफ्यातून ते साठवायला अडीच वर्षांहून जास्त काळ जाईल. 12 टक्क्यांनी कर्ज काढलं तर महिन्याला 65 हजार व्याज, म्हणजे वाढीव कामाच्या नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्यात बँकेच्या कॅश क्रेडिटची एक मेख आहे. बहुतेक बँका 90 दिवसांहून जुनी येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे उचलीच्या मर्यादेत, धरत नाहीत. ग्राहकाने 90 चे 100 दिवस केले की नेमकी गरज असते तेव्हाच उचल कमी होते.

म्हणून उधारीची मुदत हा भावाचाच भाग आहे. एक ग्राहक 90 दिवसांनी पैसे देतो आणि दुसरा 30 दिवसांनी, तर 12 टक्के व्याजाने दोघांत सरळ 2 टक्क्यांचा फरक पडतो. दुसऱ्याला दीड टक्का कमी भाव दिला तरी तोच ग्राहक परवडतो, आणि जीवाला घोर नाही तो वेगळाच. हे गणित कोटेशन देताना व्हायला हवं. ते होतं मार्चअखेरीस, सीएच्या ऑफिसात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

गैरसमज: विनातारण कर्ज आहे, बुडालं तर सरकार बघेल

सीजीटीएमएसई या पतहमी योजनेची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटींपर्यंत गेली आहे. योजना चांगली आहे. पण ती हमी बँकेला आहे. कर्जदाराची देणेदारी तशीच राहते, बँक त्याच्याकडून वसुली करतच राहते आणि हमीची फीदेखील सहसा त्याच्याच खात्यातून जाते.

गैरसमज: भाव पाडला की काम वाढतं आणि व्हॉल्यूममध्ये भरून निघतं

100 रुपयांच्या भागात मटेरियल, टूल आणि वीज असा थेट खर्च 70 रुपये असेल तर 30 रुपये हाती राहतात. त्यातून पगार, भाडं, हप्ते आणि नफा काढायचा. भाव 10 टक्के पाडला की 30 चे 20 राहतात. तेवढीच रक्कम मिळवायला दीडपट माल काढावा लागतो. मशीन तेवढंच, माणसं तेवढीच. मग तिसरी पाळी येते, रिजेक्शन वाढतं, डेबिट नोटा येऊ लागतात. भरून निघायचं ते निघत नाहीच.

तरीही इतक्या कमी भावाने कोटेशन देणारा कोणीतरी शेजारच्या गाळ्यात असतोच. त्याला कसं परवडतं? बहुतेक वेळा त्यालाही परवडत नसतं, फक्त त्याने मोजलेलं नसतं. शेड वडिलांची, म्हणून भाडं शून्य. मशीनचे हप्ते फिटले, म्हणून घसारा शून्य. स्वतः रात्री दहापर्यंत उभा राहतो, बायको हिशेब लिहिते, भाऊ डिलिव्हरी करतो. तिघांचा पगार शून्य. मशीन अवर रेट काढताना हे सगळं धरलं तर 300 रुपयांचा रेट 450 वर जाऊ शकतो. या न मोजलेल्या घामाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते पैसे ग्राहकाच्या ताळेबंदात जाऊन बसतात आणि घरातल्या माणसांना कधी दिसत नाहीत. ती शेड भाड्याने दिली असती तर काय आलं असतं, मालकाने दुसरीकडे नोकरी केली असती तर पगार किती असता, हे दोन आकडे रेटमध्ये घातल्याशिवाय आपल्याला नफा आहे असं म्हणता येत नाही.

गैरसमज: माल चांगला असला की आपोआप खपतो

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा माल वाईट होता असं कोण म्हणेल? 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या या माणसाने 1903 मध्ये लोखंडी नांगर बनवला, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. लोखंडाने जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. 1910 मध्ये औंध संस्थानात कारखाना उभा राहिला, त्याची पुढे किर्लोस्करवाडी झाली. ज्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने मराठी घरांत वाचनाची गोडी लावली, ते 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून सुरू झालं होतं, कारखान्याची आणि मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवायला. गिऱ्हाइकाला समजावून सांगणं हे कारखान्याचंच काम आहे, हे त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आज तीन मायक्रॉनची अचूकता देणारं युनिट स्वतःची साधी क्षमतायादीही ग्राहकाला पाठवत नाही, आणि मग केवळ भावावरून तोललं जातं.

गैरसमज: बडा ग्राहक मिळाला की चिंता मिटली

मोठ्या कंपनीचा वेंडर कोड मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. दर्जाची शिस्त लागते, बाजारात नाव होतं, बँकेत खुर्ची मिळते. पण उलाढालीचा 70 टक्के वाटा एकाच ग्राहकाचा झाला की धोरण त्याच्या बोर्डरूममध्ये ठरतं. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतात गाड्या विकणं बंद करायचं ठरवलं. तळेगावच्या कारखान्यात निर्यातीसाठी उत्पादन चालू राहिलं आणि डिसेंबर 2020 मध्ये तेही थांबलं. तो निर्णय गाड्यांच्या दर्जाबद्दल तळेगाव-चाकणच्या पुरवठादारांशी भांडण होऊन झाला नव्हता. कंपनीने जगभरातल्या धंद्याची फेरमांडणी केली, त्यात भारत बसला नाही. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला, पण नव्या मालकाच्या गाड्या वेगळ्या, सुटे भाग वेगळे. जुन्या भागांसाठी केलेले फिक्श्चर भंगाराच्या भावाचे होतात.

म्हणून बड्या ग्राहकाचं काम घेताना तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात. टूलिंगचा खर्च कोणाचा आणि मॉडेल बंद झालं तर उरलेली रक्कम कोण देणार? त्याच्या सांगण्यावरून भरून ठेवलेला कच्चा माल कोण उचलणार? स्टीलचा भाव बदलला तर दर कधीपासून बदलणार? आणि केवळ त्याच्याच भागासाठी चालणारं स्पेशल पर्पज मशीन कर्जाने घेण्याआधी दहा वेळा विचार करावा. साधं सीएनसी उद्या पंपाचे किंवा व्हॉल्व्हचे भागही काढून देतं.

गैरसमज: 45 दिवसांचा कायदा शोभेचा आहे

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास कायदा 2006 चा. पीओवर 90 दिवस छापलेले असले तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या बाबतीत कायदा 45 दिवसांपलीकडची मुदत मानत नाही, आणि लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के. हे व्याज ग्राहकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. तक्रार सुविधा परिषदेकडे करायची. तिचा निकाल फिरवायला कोर्टात जायचं तर ग्राहकाला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. परिषदेने 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात बराच जास्त वेळ जातो, आणि तक्रार केली तर पुढचं काम जाईल ही भीतीही खरी आहे.

पण 2023 च्या वित्त अधिनियमाने एक असा बदल केला की ज्यात पुरवठादाराला तक्रारच करावी लागत नाही. मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येते. मुदत उलटलेलं 10 लाखांचं बिल 31 मार्चला थकीत असेल तर ग्राहकाचं करपात्र उत्पन्न 10 लाखांनी वाढतं. यामुळे पुरवठादाराच्या बाजूने बोलणारा माणूस ग्राहकाच्याच अकाउंट्स विभागात तयार झाला. मात्र हा लाभ सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना आहे. मध्यम उद्योगांना आणि निव्वळ व्यापाऱ्यांना नाही. 1 एप्रिल 2025 पासून 25 कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 100 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघु गणला जातो, त्यामुळे आपण आता यात बसत नाही असं समजणाऱ्यांनी पुन्हा तपासून पाहावं.

ट्रेड्सबद्दलही घोळ आहे. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या बिलवटवणीच्या मंचावर नोंदणी करावी लागते. पण नोंदणी केली म्हणून खाजगी कंपनीने आपलं बिल तिथे स्वीकारलंच पाहिजे असं नाही. ते दर बोलतानाच ठरवून घ्यावं लागतं. स्वीकारलं तर पैसे काही दिवसांत मिळतात, व्याज ग्राहकाच्या पतीवर ठरतं आणि पुढे ग्राहकाने बुडवलं तरी बँक सहसा आपल्या मागे लागत नाही.

या सगळ्याची तयारी मात्र मालकाच्याच हातात आहे. माल पाठवण्याआधी उद्यम नोंदणी हवी, तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर हवा. 45 दिवस मोजले जातात माल स्वीकारल्यापासून, आणि 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोहोचल्याची तारीखच स्वीकृतीची धरली जाते. बिल पास व्हायला दोन महिने लागले, माल मिळाल्याची नोंद (जीआरएन) उशिरा पडली, ही सबब कायद्यापुढे टिकत नाही, पण माल कधी पोहोचला हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी गेटवर शिक्का आणि तारीख मारून घेतलेली चलनाची प्रत ड्रायव्हरकडून त्याच दिवशी परत घ्यावी आणि बिलाला जोडून ठेवावी.