पाहिले म्हणजे आले का?

शाळा सुटली म्हणून माणसाचे शिकणे सुटत नाही. ठिबकच्या नळ्यांत साचलेला क्षार कसा काढायचा हे शेतकरी शिकतो, कोणी ब्लाउजचे कटिंग शिकते, कोणी निवृत्तीनंतर पक्षी ओळखायला लागते, तर एखादे शिक्षक पन्नाशीत संगणकावर निकालपत्रक तयार करायला शिकतात. या शिकण्याला हजेरीपट नसतो, परीक्षा नसते, प्रमाणपत्रही मिळत नाही. त्यामुळे ते सहसा कोणाच्या हिशेबात येत नाही.

ते हिशेबात धरले ते कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ ॲलन टफ यांनी. त्यांनी ६६ प्रौढांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि १९७१ साली आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. एखादी गोष्ट शिकण्यासाठी माणसाने जाणूनबुजून किमान ७ तास दिले, तरच त्यांनी त्याला ‘शिकण्याचा प्रकल्प’ मानले. अशी कडक व्याख्या करूनही एका प्रौढाचे वर्षाला साधारण ८ प्रकल्प भरले आणि त्यांवर सुमारे ७०० तास खर्च झालेले आढळले. यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश प्रकल्पांची आखणी शिकणाऱ्याने स्वतःच केलेली होती. यालाच आपण स्वयंअध्ययन म्हणू.

टफ यांच्या काळात अशा माणसाला शेजाऱ्याला विचारावे लागे, वाचनालयात जावे लागे किंवा जाणकाराची वाट पाहावी लागे. आज तो खिशातून मोबाइल काढतो. प्रश्न आणि उत्तर यांतले अंतर जवळजवळ नाहीसे झाले आहे. पंप बिघडला तर पंपाजवळच बसून तो कसा उघडायचा हे पाहता येते. न समजलेला भाग पुन्हा पाहता येतो, तोही आपल्या भाषेत आणि कोणी हसेल याची भीती न बाळगता. प्रौढ माणसाला ही शेवटची सोय फार मोलाची वाटते.

राहून गेलेले काम

आता वर्गातील शिक्षक काय काय करतात ते पाहा. काय शिकायचे ते निवडतात, त्याचा क्रम लावतात, करून दाखवतात आणि शेवटी विद्यार्थ्याला कितपत आले ते तपासतात. करून दाखवण्याचे काम मोबाइल उत्तम करतो. निवड आणि क्रम यांतही थोडी मदत करतो. तपासणीचे काम मात्र बहुतेक वेळा शिकणाऱ्यावरच येऊन पडते. मग प्रश्न असा, की आपल्याला किती आले हे आपले आपल्याला नीट कळते का?

शिकागो विद्यापीठातील मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावर भांडी मांडलेली आहेत आणि एक माणूस झटक्यात खालचा टेबलक्लॉथ ओढून घेतो, भांडी जागची हलत नाहीत, असा एक छोटा व्हिडिओ त्यांनी काहींना एकदा आणि काहींना २० वेळा दाखवला. ‘तुम्हाला हे जमेल का?’ असे विचारल्यावर २० वेळा पाहणाऱ्यांना आपल्याला जमण्याची शक्यता पुष्कळच जास्त वाटली. दुसऱ्या एका प्रयोगात फळीवरील वर्तुळावर नेम धरून छोटा बाण फेकायचा होता. येथे लोकांनी खरोखर बाण फेकून पाहिला. २० वेळा व्हिडिओ पाहणाऱ्यांनी स्वतःकडून अधिक गुणांची अपेक्षा केली होती, पण प्रत्यक्षात एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त गुण मिळाले नाहीत. आत्मविश्वास वाढला, कौशल्य होते तेथेच राहिले.

असे का होते? वारंवार पाहिल्याने कृतीचा क्रम ओळखीचा होतो. आता पुढे काय होणार हे आपल्याला आधीच कळू लागते आणि या ओळखीलाच आपण ‘येणे’ समजतो. पण बाण किती जोराने धरायचा, बोटे नेमकी केव्हा सोडायची, ही माहिती डोळ्यांना दिसत नाही. ती हातालाच कळते. याच अभ्यासात, ज्यांना खेळातील वस्तू क्षणभर हातात धरायला दिल्या, त्यांचा फाजील आत्मविश्वास कमी झाला. नुसते वजन हाताला लागणेही पुरेसे ठरले.

वाचलेले आणि आठवलेले

हे केवळ हातांच्या कामापुरते नाही. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत म्हणजे, आपल्याला चांगले लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच अधिक होती. जे सोपे जाते ते पक्के झाले असे मनाला वाटते. मोबाइलवर तर सगळेच सोपे जाते.

२०१५ साली मॅथ्यू फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कपड्याची झिप कशी काम करते, यासारख्या प्रश्नांची उत्तरे काही लोकांनी इंटरनेटवर शोधली, काहींनी न शोधता दिली. त्यानंतर अगदी वेगळ्या विषयांवरील प्रश्न आपण किती चांगले समजावून सांगू शकू, याचा अंदाज सर्वांना विचारला. ज्यांनी आधी इंटरनेट वापरले होते, त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज जास्त निघाला. बाहेर साठवलेली माहिती आणि डोक्यातली माहिती यांतली सीमारेषा आपल्या नकळत पुसट होते.

याचा अनुभव शिक्षकांच्या खोलीतही घेता येईल. प्रत्येकाने सायकलकडे न पाहता कागदावर सायकल काढावी आणि तिची फ्रेम, पॅडल व चेन दाखवावी. लिव्हरपूल विद्यापीठातील रिबेका लॉसन यांनी २००६ साली असा अभ्यास केला, तेव्हा रोज दिसणाऱ्या या यंत्राच्या चित्रांत बऱ्याच जणांनी चुका केल्या. काहींनी चेन दोन्ही चाकांभोवती फिरवली, काहींनी फ्रेमच्या दांड्याने दोन्ही चाके जोडली. अशा सायकलचे हँडल वळेल का? हा प्रश्न स्वतःला विचारला की चूक लगेच सापडते. पण तो विचारण्याची वेळ चित्र काढल्याशिवाय येत नाही.

रेडिओच्या काळातला धडा

नवे साधन आले की ते एकटेच शिकवील असे वाटणे जुनेच आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आपल्याकडे, पुणे व आसपासच्या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत, आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी २० खास कार्यक्रम सादर झाले. या गावांत श्रोत्यांची मंडळे होती. कार्यक्रम ऐकल्यावर ती एकत्र बसून त्यावर चर्चा करीत. तुलनेसाठी मंडळ नसलेली गावेही तपासली गेली. त्यांतील काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. मंडळ असलेल्या गावांत शेतीविषयक ज्ञानात मोठी वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अगदी थोडी होती. ऐकलेले स्वतःच्या शब्दांत मांडणे, शेजाऱ्याने शंका घेणे आणि आपल्या शेताशी ते ताडून पाहणे, या कामांनी फरक पडला होता.

मग मोबाइल कसा वापरावा?

शिवणवर्गात कापडाला कात्री लावण्यापूर्वी कागदावर कटिंग करून घेतात. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी हीच रीत उचलावी. दोनदा पाहावे, मग मोबाइल बाजूला ठेवून जुन्या वर्तमानपत्रावर माप टाकून कापावे. जेथे हात अडेल, तेवढाच भाग पुन्हा पाहावा. आता आपण प्रश्न घेऊन पाहत असतो आणि म्हणून नेमके तेच दिसते.

पक्ष्यांचे उदाहरण घेऊ. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या ‘मर्लिन’ या ॲपमध्ये २०२१ पासून आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आहे. ते आवाजाचे चित्र बनवते आणि चित्रातील आकारांवरून पक्ष्याचे नाव सुचवते. नाव लगेच मिळते, पण कान ॲपचा तयार होतो, आपला नाही. आधी आपण अंदाज करावा, तो वहीत लिहावा आणि मग ॲपला विचारावे. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. चुकलेला अंदाज दुरुस्त होताना लक्षात चांगला राहतो.

तिसरी गोष्ट काळाची. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवले होते, की शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि अभ्यास दिवसांवर विभागला तर कमी श्रमांत पक्का होतो. तेव्हा आज शिकलेले उद्या आणि मग आठवड्याने, न पाहता आठवून बघावे. त्याची आठवण करून द्यायला मोबाइलचा गजर उपयोगी पडेल. चौथी गोष्ट म्हणजे कोणाला तरी समजावून सांगणे. घरातले माणूस चालेल, मित्रही चालेल.

या चारही गोष्टी वर्गात शिक्षक करवून घेत असतात. आपले आजचे विद्यार्थी उद्या ज्या कितीतरी गोष्टी शिकतील, त्या वेळी शेजारी शिक्षक नसतील, मोबाइल मात्र असेल. स्वतःची तपासणी स्वतः करण्याची सवय त्यांना आत्ताच लावायला हवी. एखादा विद्यार्थी म्हणाला, ‘सर, मी त्याचा व्हिडिओ पाहिलाय’, तर त्याला शाबासकी जरूर द्यावी आणि हातात खडू देऊन म्हणावे, ‘छान, आता फळ्यावर समजावून सांग बरं.’