मांसवृद्धी हवी, मेदोवृद्धी नको : पैलवानी खुराकाचा विचार

'अंगावर मांस धरत नाही, काही खुराक सांगा,' ही मागणी सातारा-सांगली भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास नवी नाही. पूर्वी ती तालमीतील पोरांची असे. आता सैन्यभरती व पोलीसभरतीची तयारी करणारे तरुण आणि जिममध्ये जाणारे नोकरदारही तीच घेऊन येतात. महिन्यात तीन-चार किलो वजन वाढले की ते समाधान पावतात. परंतु वजनकाटा मांस आणि मेद यांत भेद करीत नाही. तो वैद्यानेच करावयाचा असतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांनाही निंदित ठरविले आणि प्रशंसा केली ती सममांसप्रमाण पुरुषाची. स्थूलाच्या शरीरात मेदच वाढत जातो, इतर धातू तसे वाढत नाहीत, हे निरीक्षणही तेथलेच. मांसानंतरचा धातू मेद. व्यायामाने मांसाची मागणी निर्माण न करता बृंहण आहार दिला, तर तो पुढच्या धातूच्याच पदरात पडतो, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडचा पैलवानी खुराक, म्हणजे म्हशीचे दूध, तूप, बदाम-खसखशीची थंडाई, मटण, मुळात वाईट नव्हे. पण तो पहाटेच्या जोर-बैठकांशी आणि हौद्यातील लढतींशी जखडलेला होता. कुस्ती सुटली, खुराक मात्र सुटला नाही, अशी सुटलेली पोटे आणि त्यामागून आलेला मधुमेह आपण सर्वांनीच पाहिला आहे. बल किलोंवर मोजू नये, याचा दाखला तर घरचाच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले ते ५७ किलो गटात. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले ते ९७ किलो गटात. ज्याची त्याची प्रकृती!

हिशेब असा. एक लिटर म्हशीच्या दुधात सुमारे ३७ ग्रॅम प्रथिने मिळतात, पण सोबत ६५ ग्रॅम स्निग्धांश आणि हजारभर कॅलरी येतात. १०० ग्रॅम तुपात सुमारे ९०० कॅलरी. प्रथिने जवळजवळ शून्य. नियमित मेहनत करणाऱ्यास दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. ६० किलोच्या तरुणास ९६ ग्रॅम. अर्धा लिटर गाईचे दूध, चार अंडी, १५० ग्रॅम चिकन, मूठभर मटकीची उसळ आणि दिवसभरात ज्वारीच्या तीन-चार भाकऱ्या, एवढ्यात ती भरून निघतात. शाकाहाऱ्यास अंडी-चिकनऐवजी सोयाबीन, हरभरा, ताजे पनीर वाढवून द्यावे लागते. वृक्कविकार असल्यास मात्र हा हिशेब लावू नये. नेहमीच्या आहारापेक्षा अडीचशे-तीनशे कॅलरी अधिक, यापलीकडे जाऊ नये. तूप चमचाभर, जेवणानंतरची दुपारची झोप बंद.

आधी अग्नी पाहावा. भूक मंद, जीभ साम असताना उडदाचे लाडू देणे व्यर्थ. दीपन-पाचन करून मगच बृंहण. व्यायाम अर्धशक्तीपासून वाढवीत न्यावा. दर पंधरवड्यास वजनासोबत बेंबीच्या पातळीवर कंबरेचा घेर मोजावा. वजन वाढले, घेर तेवढाच राहिला आणि बैठका वाढल्या, तर मार्ग योग्य. घेरच वाढू लागला तर प्रथम तूप आणि गोड कमी करावे, प्रथिने नव्हेत. (अश्वगंधा चालू आहे म्हणून जेवण मोजायचे नाही, असा एक गोड समज रुग्णांत आहे, तो आपणच काढला पाहिजे.)

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक गोष्ट. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक वा घटकांची यादी नसलेले 'वजनवाढीचे आयुर्वेदिक चूर्ण' दुकानात ठेवू नये. अशा चूर्णांत डेक्सामेथासोन किंवा सायप्रोहेप्टाडिनची भेसळ असू शकते. डेक्सामेथासोनने चेहरा व धड भरते, हातापायांचे मांस मात्र झिजते. म्हणजे रुग्णाने मागितले त्याच्या नेमके उलट. पंधरा-वीस दिवसांत गोल झालेला चेहरा, खा-खा सुटणे, मांड्या बारीक पडून उठताना हाताचा आधार लागणे, ही लक्षणे दिसताच संशय घ्यावा. काही आठवडे असे चूर्ण घेतलेल्या रुग्णास ते एकाएकी बंद करावयास सांगू नये. अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असल्यास गळाठा, उलट्या, रक्तदाब घसरणे असे प्राणांवर बेतू शकते. चूर्णाची पुडी सोबत देऊन त्याच दिवशी त्यास फिजिशियनकडे पाठवावे.