पुण्याची पाळी

जपानी मेंदूज्वराच्या मोठ्या लसीकरणाला यंदाच्या मे महिन्यात 20 वर्षं झाली. मला त्याची आठवण झाली ती गेल्या वर्षीच्या मार्चमुळे. पुणे, रायगड आणि परभणी या जिल्ह्यांत 1 ते 15 वर्षांच्या मुलांना ही लस द्यायला सुरुवात झाली, आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुशिक्षित आईबापांनी एकच गिल्ला केला. पुण्यात डुकरं कुठेत? भातशेती कुठेय? आमच्याच पोरांवर प्रयोग कशाला? उमेदीची वर्षं भंडारा-गोंदियाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढून इथं मुलाकडे राहायला आलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला हे चांगलंच झोंबलं. डुकरं नदीपात्रात उतरलं की दिसतात. आणि भात कुठे पिकतो, हे मावळचा इंद्रायणी खाणाऱ्यांनी विचारावं?

या आजाराच्या भारतातल्या पहिल्या अर्धशतकाचा इतिहास मी भरभर उलटतो. 1955 साली वेल्लोरकडे तो प्रथम ओळखला गेला, 1973 साली बांकुरा-बर्दवानमध्ये साथ आली, 1978 साली गोरखपुरात. कसौलीला उंदरांच्या मेंदूत विषाणू वाढवून लस तयार होत असे. तीन टोचण्या, त्याही मोजक्यांच्या वाट्याला. बाकी अहवाल.

मग 2005 उजाडलं. पूर्व उत्तर प्रदेशात 5,700 हून अधिक रुग्ण आणि 1,300 हून अधिक मृत्यू, बहुतेक लहान मुलं. गोरखपूरच्या मेडिकल कॉलेजात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं निजवलेली देशाने टीव्हीवर पाहिली, तेव्हा कुठे दिल्ली हलली. पुढच्याच मे महिन्यात चार राज्यांतल्या 11 जिल्ह्यांत मोहीम निघाली. लस चीनमधल्या चेंगदूची. चीन 1988 पासून आपल्या मुलांना ती देत होता. म्हणजे गुणकारी लस शेजारच्या घरात 18 वर्षं पडून होती आणि आपण धूर मारत होतो.

त्या धुराबद्दल एकदाचं बोलून टाकतो. हा आजार पसरवणारा डास भातखाचरात वाढतो, संध्याकाळी गोठ्याकडे येतो, घरात फारसा बसत नाही. गावच्या चौकात फॉगिंग मशीन फिरवून त्याचं काहीही बिघडत नाही, हे आम्ही बैठकांत सांगून दमलो. पण मशीनसोबत पुढाऱ्यांचा फोटो निघतो, सिरिंजसोबत तितका चांगला निघत नाही. ‘साहेब, लोकांना काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे,’ असं मला एका वरिष्ठांनी तोंडावर सुनावलं होतं.

पुढे विदर्भातल्या जिल्ह्यांचीही पाळी आली. तेव्हाची सत्रं मला लख्ख आठवतात. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, बाकावर निळा व्हॅक्सिन कॅरियर, त्यातले घाम फुटलेले आइस पॅक. कुपीच्या तळाशी पांढरी कोरडी वडी. सिस्टर द्रावण सोडून हलक्या हाताने हलवायच्या आणि ते फिकट नारिंगी-गुलाबी व्हायचं. एकदा कालवली की ठरल्या वेळेत संपवायची, नाहीतर ओतून द्यायची. त्यामुळे पाच पोरं जमेपर्यंत कुपी फोडायला त्यांचा हात धजत नसे, आणि आशाताई पाचव्या पोरासाठी वस्तीभर धावायच्या. ‘हे चीनची दवाई हाये का जी?’ असं आया विचारायच्या. हो म्हटलं, समजावून सांगितलं, की बाही वर करायच्या. लसीनंतर मुलं दगावल्याच्या तक्रारी 2006 मध्ये आल्या होत्या. तज्ज्ञांनी त्या तपासल्या आणि थेट संबंध सापडला नाही. हेही आम्ही लपवलं नाही. शेजारच्या टोल्यावर आचके देणारं पोर ज्यांनी पाहिलं होतं, त्यांना आकडेवारी लागत नव्हती.

2011 पासून लस बाधित जिल्ह्यांच्या नेहमीच्या वेळापत्रकात आली, 2013 पासून दोन डोस झाले. त्याच वर्षी देशी लसही निघाली. तिचा विषाणू कर्नाटकातल्या कोलारच्या एका रुग्णाचा, आणि तो वेगळा केला होता पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने. रोगनिदानाचे किटही याच संस्थेचे. 1952 पासून ज्या शहरात या विषाणूंचा अभ्यास चालतो, त्या शहरातल्या मुलांना लस मिळायला 2025 साल यावं लागलं!

कारण नियमच तसा. जिल्ह्यात रुग्ण सापडले की जिल्हा यादीत. रुग्ण सापडतात ते तपासणी होते तिथे; आणि जिथे रुग्ण नाहीत असं गृहीत धरलेलं, तिथे पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला पाठवतो कोण? ‘तापात गेलं’ एवढीच नोंद व्हायची. लस आल्यावर गोरखपुरात जपानी मेंदूज्वर घटला तरी पोरं मरतच राहिली, तेव्हा बारकाईने शोध झाला आणि त्यांतल्या पुष्कळांना स्क्रब टायफस निघाला. त्यावर साधी डॉक्सिसायक्लिन चालते. तोवर किती वर्षं गेली!

सोसायटीतली पोरं शेवटी टोचून घेतील, शाळा बघून घेतील. मला घोर आहे तो परभणीचा. विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत राहतो, त्यामुळे शेजारच्या पोराने टोचून घेतलं म्हणून आपलं पोर वाचत नाही. जन्मलेल्या प्रत्येकाला दोन्ही डोस मिळालेच पाहिजेत. पहिला नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळाव्यानंतर. पण परभणीहून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या कोयत्यामागे गेलेल्या बाळाचा पहिला डोस गावच्या उपकेंद्रातला आणि दुसऱ्याच्या वेळी ते बैलगाडीखाली, कारखान्याच्या तळावर. तिथल्या सिस्टरच्या यादीत त्याचं नाव नसतं, आणि तो जिल्हा मेंदूज्वराच्या यादीत नसला तर तिच्या कॅरियरमध्ये ही कुपीही नसते.