पाणी अडवणारी खाच

आमच्या मागच्या पडवीत माझं सुतारकामाचं टेबल आहे. तिथली जुनी सागवानी खिडकी या उन्हाळ्यात उतरवली. झडपेच्या वरच्या भागावर रंधा फिरवला तर लाकूड सोन्यासारखं उजळलं. खालचा कोपरा मात्र बोटांत चुरला. एकाच झाडाचं लाकूड, वयही एकच. मग हा फरक कशाने पडला?

पाणी वर नेण्यासाठी झाडाने घडवलेल्या बारीक नळ्या लाकूड कापल्यावरही त्यात तशाच राहतात. पट्टीच्या अंगावर पडलेलं पाणी मुरायला वेळ लागतो. पण पट्टी जिथे आडवी कापलेली असते तिथे या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. झडपेच्या उभ्या पट्टीचं खालचं टोक म्हणजे अशी असंख्य तोंडं, तीही पाण्याला सर्वांत जवळची. नवी झडप करताना या टोकांना तेलरंग दिला, तर पहिला हात डोळ्यांदेखत आत शोषला गेला. दुसरा हात दिला तेव्हा कुठे रंग वर टिकला.

आषाढात खिडकी अडते आणि थंडीत खुळखुळते, हे कोकणात कुणाला सांगायला नको. गंमत अशी, की लाकूड फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. लाकडाचे तंतू उभे धावतात. ओल त्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारते, लांब करत नाही. सागाची ओल मे ते जुलै सहा टक्क्यांनी वाढली असं धरा. 600 मिलिमीटर रुंदीची सलग फळी तेवढ्यात सहा-सात मिलिमीटर रुंदावू शकते. अशी झडप चौकटीत घट्ट रुतून बसणारच. आता तेवढीच झडप 75 मिलिमीटरच्या दोन उभ्या पट्ट्या, वर-खाली आडव्या पट्ट्या आणि मध्ये काच अशी करा. आडव्या पट्ट्या रुंदीच्या दिशेने लांब असतात, म्हणजे त्या दिशेला जवळजवळ वाढतच नाहीत. फुगायला उरतं फक्त 150 मिलिमीटर लाकूड, आणि वाढ होते पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास! आपण जिला नुसती खिडकीची नक्षी समजतो, ती खरं तर पावसाळ्याला दिलेलं उत्तर आहे.

काचेचं काम तर मला अजून अचंबित करतं. काच चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोकळी ठेवायची आणि मुख्य आधार दोन लहान तुकड्यांचा द्यायचा: एक बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात, दुसरा तिरपा समोर, कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात. झडप कडीच्या बाजूने खाली लोंबू पाहते, तेव्हा या दोन कोपऱ्यांमध्ये काच दाबली जाते. वाकवली तर काच तडकते, पण अशा सरळ दाबाला ती फार कणखर असते. म्हणून इथे लाकडाने काच धरलेली नसते. काचेने लाकूड सावरलेलं असतं.

आणि ती खाच. चौकटीच्या खालच्या लाकडाला बाहेरच्या बाजूला ढाळ दिला, तरी पाणी काठावरून वळतं, लाकडाच्या पोटाला चिकटतं आणि उलटं भिंतीकडे सरकत जातं. त्याला अडवायला पोटाशी, काठापासून बोटभर आत, सात-आठ मिलिमीटर रुंदीची एक खाच पुरते. खाचेपाशी आलेल्या पाण्याला पुढे जायचं तर वर चढावं लागतं. ते त्याला जमत नाही. तिथेच ते साचतं, जड होतं, गळून पडतं. खिडकी बसवल्यावर मी वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली वाकून पाहिलं. खाचेच्या काठाला पागोळ्यांसारखी थेंबांची सरळ रांग लागली होती, आणि खाचेच्या आतलं लाकूड कोरडं होतं.

तुमच्या खिडकीच्या खालच्या लाकडाच्या पोटावरून एकदा बोट फिरवून पाहा. खाच लागली नाही, किंवा रंगाच्या थरांनी बुजलेली असली, तर मृगाच्या आत ती मोकळी करून घ्या.